थंड पाण्याचा मासा

दिवाळीच्या खरेदीस मुंबईला गेलेली कर्जत-खालापूरकडची मंडळी कधी कधी पाण्याने फुगलेली एक पिशवी सांभाळीत लोकलने परततात. आत दोन सोनेरी मासे! हा ‘थंड पाण्याचा’ मासा, याला काही लागत नाही, अशी समजूत असते. काचेच्या गोळ्यात तो आठवडाभर मिरवतो आणि एका सकाळी उताणा तरंगतो. घरातले मूल रडते. दोष त्या ‘थंड’ शब्दाचा आहे.

हा मासा मूळचा चीनचा. सुंग राजवटीत (960 ते 1279) तळ्यांतील करड्या माशांत क्वचित निपजणारे तांबूस-पिवळे मासे निवडून त्यांची पैदास झाली. मिंग काळात तो अंगणातल्या रुंद मातीच्या कुंड्यांत आला. तो वरून पाहायचा मासा होता! सतराव्या शतकात तो युरोपात पोचला. 1850 साली लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टनने दोन सोनेरी मासे, पाणवनस्पती व गोगलगायी एका पात्रात ठेवून त्यांचा परस्पर मेळ दाखविला. पुढे उष्ण देशांतले मासे तिकडे गेले. त्यांचे पाणी तापवावे लागे. न तापवता जगणारा तो ‘थंड पाण्याचा’! विलायतेच्या हिवाळ्याने दिलेले हे नाव.

मुंबईत 1951 साली तारापोरवाला मत्स्यालय उघडले आणि काचेमागच्या माशांची गोडी घरोघर वाढली. परंतु कर्जतचा वैशाख म्हणजे लंडन नव्हे. दहा अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 11 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. तीस अंशांत जेमतेम साडेसात. उष्म्याने माशाची गरज मात्र वाढते. त्यात गोळ्याचे तोंड अरुंद, आणि माशाच्या मलमूत्रातला अमोनिया थोड्या पाण्यात लवकर साचतो.

तेव्हा, वाचकहो, धडा चिनी कुंडीचा घ्यावा. रुंद तोंडाची, निदान शंभर लिटरची टाकी सावलीत ठेवावी. हवेचा पंप लावावा. फुगीर पोटाच्या, दुहेरी शेपटीच्या माशापेक्षा सडसडीत, एकेरी शेपटीचा अधिक काटक. तो वीतभर वाढतो, म्हणून दोनच घ्यावेत. दर आठवड्यास चौथाई पाणी बदलावे; नळाचे पाणी क्लोरीन उडून जावे म्हणून उघड्या बादलीत रात्रभर ठेवावे. दोन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य घालावे. आणि कंटाळा आला तरी उल्हासात किंवा पाताळगंगेत सोडू नये. तिथल्या माशांच्या घरात तो उपरा ठरेल.

नीट सांभाळला तर हा मासा वीस वर्षे जगू शकतो. पाचवीतल्या मुलाने आज आणलेला मासा त्याच्या लग्नालाही घरात असेल. खेळणे म्हणून नव्हे, घरातला एक जीव म्हणूनच त्याला आणावे.