पूर्वग्रह (सामाजिक मानसशास्त्र)

पूर्वग्रह म्हणजे एखाद्या व्यक्तीविषयी, ती विशिष्ट गटातील आहे एवढ्याच कारणावरून, पुरेशा अनुभवाविना बाळगलेली आणि बहुधा प्रतिकूल असलेली वृत्ती होय. धर्म, जात, भाषा, प्रांत, लिंग, वर्ण अशा कोणत्याही भेदावर तो आधारलेला असू शकतो. पूर्वग्रह कसा निर्माण होतो, का टिकतो आणि कोणत्या परिस्थितीत ओसरतो, हे सामाजिक मानसशास्त्राचे प्रमुख अभ्यासविषय आहेत. ठाणे जिल्ह्यातील भिवंडी येथील मोहल्ला समित्या हे या संदर्भातील महाराष्ट्रातील महत्त्वाचे उदाहरण आहे.

संज्ञा

मराठीत ‘ग्रह’ या शब्दाचा एक अर्थ ‘समजूत’ असा आहे. ‘ग्रह करून घेणे’ हा वाक्प्रचार त्यावरूनच आला. माणसाची ओळख होण्यापूर्वीच करून घेतलेली समजूत तो पूर्वग्रह. मानसशास्त्रात त्याची तीन अंगे मानतात. ‘अमुक समाजाचे लोक असेच असतात’ ही साचेबंद प्रतिमा विचाराच्या पातळीवर असते. तिच्यासोबत येणारी नावड किंवा भीती भावनेच्या पातळीवर असते. आणि आडनाव ऐकून घर भाड्याने नाकारणे हा कृतीच्या पातळीवरील भेदभाव असतो. ही तिन्ही अंगे नेहमी एकत्र आढळतातच असे नाही.

कारणमीमांसा

व्यक्तिमत्त्व : थिओडोर अडोर्नो व सहकाऱ्यांनी १९५० मध्ये हुकूमशाही व्यक्तिमत्त्वाचा सिद्धान्त मांडला. कठोर शिस्तीत वाढलेल्या, सत्तेपुढे नमणाऱ्या व दुर्बलांविषयी तुच्छता बाळगणाऱ्या व्यक्तींत पूर्वग्रह अधिक आढळतो, असे त्याचे प्रतिपादन आहे. मात्र संपूर्ण शहर अल्पावधीत वैरभावाने का पेटते, याचे उत्तर केवळ व्यक्तिमत्त्वावरून मिळत नाही.

स्पर्धा : मुझफर शेरीफ यांनी १९५४ मध्ये अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात रॉबर्स केव्ह येथे शालेय मुलांच्या शिबिरात प्रयोग केला. मुलांचे दोन गट पाडून त्यांच्यात बक्षिसांसाठी सामने लावताच शिवीगाळ व मारामारी सुरू झाली. दोन्ही गटांना नुसते एकत्र जेवायला बसवल्याने वैर कमी झाले नाही. बंद पडलेला पाणीपुरवठा सुरू करण्यासारखी, दोघांनी मिळूनच पार पाडता येतील अशी कामे पुढे आल्यावर ते निवळत गेले.

सामाजिक ओळख : हेन्री ताजफेल यांनी १९७० च्या सुमारास ब्रिस्टल येथे केलेल्या प्रयोगांत मुलांची विभागणी अगदी क्षुल्लक कारणांवरून केली होती. गटांत पूर्वीचे वैर नव्हते. तरीही मुलांनी स्वगटाला झुकते माप दिले. माणूस आपल्या गटाच्या प्रतिष्ठेतून स्वतःची प्रतिष्ठा मिळवतो, असा निष्कर्ष त्यावरून निघाला.

भारतातील भेदभावाचे मोजमाप : सुखदेव थोरात व पॉल अॅटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना समान पात्रतेचे अर्ज पाठवण्यात आले; फरक फक्त नावांत होता. दलित व मुस्लिम नावांच्या अर्जांना पुढील फेरीसाठी बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय हिंदू नावांच्या अर्जांपेक्षा कमी आढळली.

संपर्क गृहीतक

गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये ‘द नेचर ऑफ प्रेजुडिस’ या ग्रंथात संपर्क गृहीतक मांडले. त्यानुसार परगटाशी संपर्क आल्याने पूर्वग्रह घटतो. मात्र त्यासाठी चार अटी अनुकूल ठरतात : समान दर्जा, समान उद्दिष्ट, परस्पर सहकार्य आणि अधिकारी संस्थांचा पाठिंबा. थॉमस पेटिग्रू व लिंडा ट्रॉप यांनी २००६ मध्ये ५१५ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. संपर्काने पूर्वग्रह साधारणतः घटतो आणि या अटी पूर्ण झाल्यास परिणाम अधिक होतो, असे त्यांना आढळले.

भिवंडीचे उदाहरण

भिवंडी हे यंत्रमागांचे शहर आहे. मागमालक, सूतव्यापारी व कामगार यांत हिंदू व मुस्लिम दोन्ही समाज असून व्यवसायात ते परस्परांवर अवलंबून आहेत. असे असूनही मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी येथे दंगल उसळली. भिवंडी, जळगाव व महाड येथील त्या वेळच्या दंगलींची चौकशी न्यायमूर्ती डी. पी. मादन आयोगाने केली. पोलिसांच्या पक्षपाती वर्तनावरही आयोगाने ताशेरे ओढले. मे १९८४ मध्ये पुन्हा भीषण दंगल झाली व तिचे लोण ठाणे-मुंबईपर्यंत पोहोचले.

१९८८ मध्ये पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी येथे मोहल्ला समित्या स्थापन करण्यास सुरुवात केली. समित्यांत दोन्ही समाजांना समान प्रतिनिधित्व होते. स्थानिक पोलिसांच्या उपस्थितीत नियमित बैठका होत. सदस्य व पोलीस यांच्यात ओळख असल्याने अफवेची शहानिशा करणे सोपे झाले. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये मुंबईतील दंगलींत सुमारे ९०० जण मृत्युमुखी पडले; भिवंडी मात्र शांत राहिली. पुढे मुंबईतही पोलीस आयुक्त सतीश साहनी, ज्युलिओ रिबेरो व सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने मोहल्ला समित्यांची चळवळ उभी राहिली.

राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी २००२ मधील आपल्या ग्रंथात भिवंडीची दखल घेतली आहे. शेजारपाजारच्या दैनंदिन संबंधांपेक्षा संघटनांतून जुळलेले संबंध शहरांत अधिक टिकाऊ ठरतात, असे त्यांचे प्रतिपादन आहे. ऑलपोर्ट यांच्या अटी लावून पाहिल्यास भिवंडीतील फरक स्पष्ट होतो. मालक व कामगार किंवा व्यापारी व ग्राहक यांचा संपर्क समान दर्जाचा असतोच असे नाही आणि १९७० मध्ये पोलिसांच्या निःपक्षपातीपणाविषयीच शंका होती. समित्यांत समान स्थान, शांततेचे समान उद्दिष्ट व प्रशासनाचा पाठिंबा या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या.

मर्यादा

भिवंडीतील शांततेचे सर्व श्रेय समित्यांना देता येत नाही. दोन दंगलींत झालेली हानी आणि पोलीस बंदोबस्त हेही घटक विचारात घ्यावे लागतात. समित्यांमुळे दंगल टळली, तरी लोकांच्या मनांतील पूर्वग्रह किती घटला हा वेगळा प्रश्न आहे. जुलै २००६ मध्ये पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून भिवंडीत जमाव व पोलीस यांच्यात हिंसक संघर्ष झाला. तो दोन समाजांतील दंगल नव्हता. परंतु नागरिक व प्रशासन यांच्यातील विश्वास सातत्याने जोपासावा लागतो, हे त्यातून दिसून आले.

संपर्क गृहीतकावरही आक्षेप घेतले गेले आहेत. जॉन डिक्सन आदी संशोधकांच्या मते सलोख्याच्या संपर्कामुळे दुर्बल गटाची अन्यायाची जाणीव बोथट होऊ शकते. विषमता कायम ठेवून केवळ सद्भाव वाढवणे पुरेसे नाही, असा या टीकेचा आशय आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३६ मधील ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या ग्रंथात समाजात मुक्त अभिसरणाची गरज प्रतिपादन करतानाच त्याला समतेची जोड दिली होती.

हेही पाहा

भेदभाव
सामाजिक मानसशास्त्र
भिवंडी
जातिव्यवस्था