निळ्या डागाची कुळकथा

शौचातलं डोळ्यांना न दिसणारं रक्त पकडणाऱ्या जुन्या चाचणीच्या कागदाला एक राळ लावलेली असते. तिचं नाव ग्वायॅक. शब्द कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा, ‘ग्वायाकान’. ही राळ देणाऱ्या झाडाचं लाकूड पाण्यात बुडेल इतकं जड. सोळाव्या शतकात हे लाकूड युरोपात पोचलं ते उपदंशावरचा उतारा म्हणून. उल्रिख फॉन हुटेनने १५१९ मध्ये त्याची थोरवी गाणारं पुस्तक लिहिलं आणि १५२३ मध्ये तो त्याच रोगाने गेला. आपल्याकडे हा रोग फिरंग्यांच्या नावाने ‘फिरंग’ झाला. भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात त्यावर चोपचिनी सांगितली आहे.

मग उपदंशाचं औषध रक्ताच्या चाचणीत शिरलं कसं? कोणी श्रेय रसायनशास्त्रज्ञ शोनबाइनला देतात, कारण ऑक्सिडीकरणाने राळ निळी पडते हे त्याने दाखवलं. मला हे अर्धंच वाटतं. उपदंशामुळे ही राळ औषधविक्यांच्या बरण्यांत शतकानुशतकं होतीच. म्हणूनच ती शोनबाइनच्या आणि १८६०च्या दशकात रक्तावर ती वापरणाऱ्या व्हान डेनच्याही हाताशी आली. शेरलॉक होम्सने १८८७ च्या कादंबरीत तिला बेभरवशाची ठरवलं, आणि कच्च्या मुळ्यानेही निळा रंग येतो हे खरंच आहे. पण रक्त ओळखण्यात तिच्याहून तीक्ष्ण असलेलं बेन्झिडिन हे रसायन स्वतःच मूत्राशयाचा कर्करोग करतं म्हणून बाद झालं. राळ टिकली.

१९६७ मध्ये अमेरिकेतल्या डेव्हिड ग्रीगर यांनी राळेचा कागद रुग्णाच्या घरी दिला. काडीने शौचाचा पातळ थर लावायचा, असे तीन दिवस. मग दवाखान्यात हायड्रोजन पेरॉक्साइडचे दोन थेंब. रक्त असेल तर मिनिटभरात निळा डाग. मिनेसोटातल्या प्रयोगाने १९९३ मध्ये दाखवलं की दरवर्षी ही चाचणी केल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे ३३ टक्क्यांनी घटतात.

‘दरवर्षी’ हा शब्द मला सर्वांत मोलाचा वाटतो. आतड्यातली गाठ रोज रक्त सांडत नाही, त्यामुळे एकदा आलेला स्वच्छ अहवाल त्या तीन दिवसांपुरताच. आणि डाग आला, तर मूळव्याध म्हणून सोडून न देता कोलोनोस्कोपी करायची. तिथे पॉलिप सापडला तर कर्करोग होण्याआधीच कापून काढता येतो. आताची फिट चाचणी प्रतिपिंडांनी फक्त मानवी रक्त ओळखते, मुळा वर्ज्य करावा लागत नाही. राळ गेली, पण घरी काडीने नमुना घेणं आणि दरवर्षीची पाळी तशीच राहिली.