मित्रमेळ्याचीं गाणीं

सन १९०९ च्या जून महिन्यांत नाशिकच्या गणेश दामोदर ऊर्फ बाबाराव सावरकरांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. आरोप होता राजाविरुद्ध युद्धास चिथावणी दिल्याचा. आणि न्यायासनापुढें पुरावा म्हणून जें ठेवण्यांत आलें, तें होतें ‘लघु अभिनव भारत माला’ या नांवाचें कवितांचें एक लहानसें पुस्तक. त्यांत अठरा कविता होत्या व खटला चालला तो त्यांतील चारांवर. चार गाण्यांना एका माणसाचें उभें आयुष्य, असा हा हिशेब होता. शिवाय शिक्षा झाली ती कवीला नव्हे, प्रकाशकाला!

कवि होता गोविंद त्र्यंबक दरेकर. १८७४ सालीं जन्मलेल्या या माणसाचे दोन्ही पाय लहानपणींच गेले होते. नाशकास तिळभांडेश्वराच्या गल्लींत राहून तो लावण्या रची, आणि त्या रंगेलपणाबद्दलच त्याची गल्लींत ख्याति होती. १९०० सालीं विनायकराव सावरकर व त्यांच्या सोबत्यांनीं ‘मित्रमेळा’ काढला. पुढें १९०४ सालीं त्याचाच ‘अभिनव भारत’ झाला. या तरुणांच्या संगतींत दरेकरांची लेखणी वळली. विषय बदलला, पण कसब तेंच राहिलें. लावणीची ठेच, तालावर पडणारा शब्द, श्रोत्याला खेळवीत नेऊन अखेरच्या चरणांत पकडण्याची हातोटी हीं सारीं आतां अफझलखानाच्या वधाच्या पोवाड्यांत उतरलीं. ज्यांना लावणी म्हणजे केवळ शृंगाराचा पसारा वाटतो, त्यांनीं हें स्थित्यंतर अवश्य पाहावें.

हीं गाणीं एकट्यानें वाचण्यासाठीं नव्हतींच. १८९३ पासून गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप आलें आणि त्याबरोबर मेळे निघाले. मावळ्यांच्या वेषांतील मुलें हातीं टिपऱ्या घेऊन एका सुरांत पदें म्हणत. व्याख्यान ऐकण्यास शहाणपण लागतें; मेळ्याचें पद पाठ होण्यास दोन रात्री पुरत. पोलिसाला व्याख्यात्याचें तोंड बंद करतां येतें, परंतु गल्लींत खेळतां खेळतां गुणगुणणाऱ्या पोरांचें तो काय करणार?

पदांत नांवें असत शिवाजीचीं, देवदेवतांचीं. अपिलाच्या वेळीं मुंबईच्या उच्च न्यायालयांतील मराठी जाणणाऱ्या न्यायमूर्तींनीं स्पष्टच म्हटलें कीं, हीं नांवें निमित्तमात्र असून कवीचा रोख आजच्या सरकारविरुद्ध युद्धाकडे आहे. काव्याचा ध्वन्यर्थ इतका अचूक ओळखणारें रसग्रहण त्या काळच्या मासिकांतूनही विरळाच आढळेल.

शिक्षा कायम झाली. तिचा सूड म्हणून २१ डिसेंबर १९०९ रोजीं नाशकांतील विजयानंद नाट्यगृहांत ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगास आलेल्या जिल्हाधिकारी जॅक्सन यांना अनंत कान्हेरे यांनीं गोळ्या घातल्या. जॅक्सन हे संस्कृताचे व्यासंगी होते, हा या प्रसंगांतील एक क्रूर विरोध. १९ एप्रिल १९१० रोजीं कान्हेरे, कर्वे व देशपांडे यांना ठाण्याच्या तुरुंगांत फांशी झाली. पुस्तक जप्त झालें होतें. गाणीं उरलीं तीं पाठांतरांत.

याच सुमारास हिंदी तरुणांच्या तोंडीं जपानचें नांव होतें, कारण १९०५ सालीं त्या राष्ट्रानें रशियाला हरविलें होतें. पण त्याच जपानांत गाण्यांच्या बाबतींत जें घडलें, तें नाशिकशीं अधिक जुळतें. १८८० नंतरच्या दशकांत तेथील सरकारनें लोकहक्कांच्या चळवळीच्या सभांवर निर्बंध घातले, तेव्हां तरुण कार्यकर्ते रस्त्यावर उभे राहून भाषणेंच गाऊं लागले व छापील पदें विकूं लागले. या प्रकाराला ‘एंका’ म्हणत. पुढें त्यांतील राजकारण ओसरलें, प्रेमाचीं गाणीं आलीं, व्हायोलिनची साथ आली; आणि १९६० नंतर तेंच नांव विरहाच्या व गांवाच्या आठवणीच्या गाण्यांना रूढ झालें. सभाबंदीवरचा तोडगा अशा रीतीनें हुरहुरीचा विषय बनला.

नाशिकची गोष्ट याहून अवघड होती. १९०५ च्या सुमारास जीं मुलें दहा-बारा वर्षांचीं होतीं, त्यांनीं १९२६ पर्यंत तिशी ओलांडली होती. नोकरी, संसार, मुलेंबाळें झालीं होतीं. पंधराव्या वर्षाआधीं कानीं पडलेली चाल तिशींत फार गोड लागते, हें कोणत्याही पिढीचें खरें. परंतु या पिढीच्या लाडक्या चालीला काळ्या पाण्याचा वास होता. ती मोठ्यानें म्हणावी तर शेजारी कोण आहे हें पाहावें लागे, आणि न म्हणावी तर स्वतःचेंच बालपण नाकारल्यासारखें होई. बाबाराव १९२२ सालीं सुटले, ते देह खंगलेला घेऊन. ज्या पदांपायीं ते गेले, तीं ओठांवर आणतांना ऐन तिशींतल्या गृहस्थाला नुसती गंमत वाटली असेल, असें समजणें कठीण आहे.

कवि गोविंद २८ फेब्रुवारी १९२६ रोजीं वारले. त्यांच्या अखेरच्या रचनांत ‘सुंदर मी होणार’ ही कविता आहे. तींत शिवाजी नाहीं, मावळे नाहींत. जन्मभर अधू देहांत राहिलेल्या माणसानें मरणाकडे प्रसन्नपणें पाहिलें आहे. १९५८ सालीं पु. ल. देशपांडे यांनीं आपल्या एका नाटकाला हेंच नांव दिलें. त्या नाटकाची नायिका दीदीराजे कवयित्री आहे, आणि तिचे पाय अधू आहेत.