घरासकट घाट

सुटीत आपण घर सोडून जातो. डॉक्टर गॉर्डन स्टेबल्स घरच घेऊन निघाले! आरमारातून निवृत्त झालेले हे स्कॉटिश शल्यवैद्य मुलांसाठी कादंबऱ्या लिहीत. ब्रिस्टलला बांधून घेतलेल्या ‘वाँडरर’ गाडीला दोन घोडे जुंपून १८८५ साली त्यांनी इंग्लंडहून, ग्रॅम्पियन डोंगर ओलांडीत, इनव्हर्नेस गाठले. हौसेखातर चाकांवर बिऱ्हाड करणारा हा पहिला प्रवासी, असे मानतात.

हौस डॉक्टरांची, चढ घोड्यांचा! हे वाचताना मला आठवतात दिवाळी सरली की आमच्या शाळेवरून जाणाऱ्या ऊसतोडकऱ्यांच्या बैलगाड्या. त्यांतही घरच असते : भांडी, सरपण, पेंगुळलेली पोरे. घाट लागला की बाया-बापे उतरून चाकाला हात देतात. माझ्या वर्गातले दोनतीन बाक मग उन्हाळ्यापर्यंत रिकामे.

‘वाँडरर’ आजही जतन करून ठेवली आहे. या गाड्यांचा इतिहास मात्र माझ्या हजेरीपटावर, गैरहजेरीच्या खुणांत!