शिवाशिवी : बोर्डीचं अंगण आणि आपली अंगणवाडी

मंडळी, आंधळगावात बोलायचं म्हणजे कोशाच्या कापडावर बोलावं, अशी अपेक्षा असते. आज मात्र आपण मागाजवळ रांगणाऱ्या आणि पुढे अंगणवाडीत जाणाऱ्या लेकरांकडे पाहू. ही लेकरं एकमेकांना खेळात घेतात का, आणि घ्यायला त्यांना कोणी शिकवलं, यालाही इतिहास आहे.

एका शब्दापासून सुरुवात करू. पकडापकडीच्या खेळाला मराठीत शिवाशिवी म्हणतात आणि विटाळ पाळण्यालाही शिवाशिवीच म्हणतात. इतकी वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं, पण हे आमच्या डोक्यात आलं निवृत्तीनंतर. ज्याला शिवायचंच नाही, त्याला शिवाशिवी खेळता कशी येणार? आमच्या लहानपणी एक मुलगा असाच कडेला उभा असायचा. चेंडू नाल्यात गेला की आम्ही त्याला आणायला लावायचो. तो चेंडू खाली ठेवायचा, मग आम्ही उचलायचो. डाव त्याला कधीच दिला नाही. हे आम्हाला कोणी बसवून शिकवलं नव्हतं, मोठ्यांचं बघून आलं होतं.

आता बोर्डीला जाऊ, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम करून आलेल्या. १९४५ साली त्यांनी बोर्डीत खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केलं. अनुताई वाघ त्याच वर्षी त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडी सर्वांना खुली होती, पण हरिजनवाड्यातली मुलं येईनात. दार उघडं ठेवलं, आता आले नाहीत तर त्यांची मर्जी, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. ताराबाईंनी बालवाडीच उचलून त्या वाड्यात, घरापुढच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. मॉन्टेसरीची महागडी साधनं बाजूला ठेवून बिया, शिंपले, पानं, खडे यांवर काम चालवलं. पुढे १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथली वारली मुलं गुरं राखायची, म्हणून शाळा कुरणात गेली, तीच कुरणशाळा.

इथे एक अडचण आहे आणि ती झाकून ठेवू नये. अंगण वाड्यात गेलं, पण त्या अंगणात खेळली ती त्याच वाड्यातली मुलं. शिक्षण पोचलं, शिवाशिवी मात्र एकत्र खेळली गेलीच असं नाही. ताराबाईंचा निर्णय आम्हाला बरोबरच वाटतो. आधी मूल खेळायला तर बसलं पाहिजे. पण काम तिथे अर्धंच झालं. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेलं. आता साधारण ४०० ते ८०० वस्तीमागे एक केंद्र असतं. म्हणजे टोलीनिहाय पोरं वेगळी पडायची सोय आजही आहेच. वर पैसेवाल्यांची पोरं सकाळी व्हॅनमध्ये बसून कॉन्व्हेंटला जातात, ते निराळंच.

अमेरिकेत शिकागोच्या व्हिव्हियन पेली या बालवाडीच्या बाईंनी वर्गात एक नियम केला : ‘तू खेळू नको’ असं कोणी कोणाला म्हणायचं नाही. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९९२ चं. अनुताई त्याच वर्षी गेल्या. पेलीबाईंनी मोठ्या वर्गांतल्या मुलांना विचारलं, तेव्हा नियम न्यायाचा आहे, पण चालणं कठीण, असा त्यांचा सूर होता. मुलं खरं बोलतात.

आपल्याकडे अशा नियमाशिवायही एक युक्ती आहे, कच्चं लिंबू. धाकट्याला खेळात घ्यायचं, पण तो बाद होत नाही. आजीनं दटावलं की घेतातच. मात्र कच्चं लिंबू घरातल्या धाकट्याला करतात. कडेला उभ्या असलेल्या त्या मुलाला आम्ही तेवढंही केलं नव्हतं. म्हणून सेविकाताईंना आमचं सांगणं एवढंच, की ‘याला घ्या रे’ म्हणून रागावू नका. भातुकलीत पाहुणा कमी आहे म्हणा, आगगाडीला डबा कमी आहे म्हणा, आणि त्या लेकराचा हात धरून स्वतःच डब्यात उभ्या राहा. आणि दुसऱ्या टोलीतली पोरं आठवड्यातून एकदा तरी आपल्या अंगणात आणा.