ब्रुसेलोसिस : दुधातून आलेला ताप मज्जासंस्थेत शिरतो तेव्हा

ब्रुसेलोसिस हा जनावरांकडून माणसाला होणारा जिवाणूजन्य आजार आहे. चढउतार करणारा ताप, रात्रीचा घाम, सांधेदुखी, कंबरदुखी आणि न हटणारा थकवा ही त्याची परिचित लक्षणे. आखाती देश, तुर्कस्तान, इराण, भूमध्य समुद्राभोवतीचा प्रदेश आणि भारत येथे तो आजही ठाण मांडून आहे. मज्जासंस्थेला ग्रासणारे त्याचे रूप, म्हणजे न्यूरोब्रुसेलोसिस, तुलनेने विरळ. शंभर रुग्णांमागे साधारणतः पाचांच्या आसपास आढळणारे. परंतु ते ओळखण्यास लागणारा विलंब रुग्णाला महागात पडतो. हा आजार कधी क्षयाच्या, कधी पक्षाघाताच्या, तर कधी मनोविकाराच्या वेशात येतो, आणि दुधाविषयीचा साधा प्रश्न कोणी विचारत नाही.

त्याचे जुने नाव माल्टा ताप. माल्टा बेटावरील ब्रिटिश सैनिक तापाने दगावत होते, तेव्हा लष्करी डॉक्टर डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ मध्ये मृतांच्या प्लीहेतून हा जिवाणू वेगळा केला. तो येतो कोठून, हे १९०५ मध्ये थेमिस्टोक्लेस झामिट या माल्टीज डॉक्टरांनी शेळ्यांची तपासणी केल्यावर उलगडले. सैनिकांना शेळीचे दूध देणे बंद होताच रुग्णसंख्या झपाट्याने घसरली. पुढे अमेरिकी जिवाणुशास्त्रज्ञ ॲलिस इव्हान्स यांनी १९१८ मध्ये माल्टा तापाचा जिवाणू आणि गाईंच्या गर्भपाताचा जिवाणू यांचे निकटचे नाते दाखवून दिले. कच्चे दूध धोक्याचे आहे, हा त्यांचा इशारा तेव्हा फारसा कोणी मनावर घेतला नाही. १९२२ मध्ये प्रयोगशाळेत काम करताना त्यांनाच संसर्ग झाला. आजार वर्षानुवर्षे उलटत राहिला, आणि काही काळ त्यांच्या तक्रारींवर ‘न्यूरास्थेनिया’, म्हणजे मज्जातंतूंचा अशक्तपणा, असा शिक्का बसला. ज्या जिवाणूचे गुपित त्यांनी उकलले होते, तोच त्यांच्या शरीरात असूनही डॉक्टरांना दिसला नाही.

शेळ्या, मेंढ्या आणि उंट यांच्यातील ‘ब्रुसेला मेलिटेन्सिस’ ही जात माणसाला सर्वाधिक त्रासदायक ठरते. गाई-म्हशींत प्रामुख्याने ‘ब्रुसेला अबॉर्टस’ आढळते. बाधित जनावराचे न तापवलेले दूध, त्यापासून केलेले ताजे चीज, किंवा गाभडलेल्या जनावराच्या जारेशी व स्रावांशी आलेला संपर्क यांतून लागण होते. पशुवैद्यक, गोठ्यात काम करणारे, खाटीक आणि प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ यांना धोका अधिक. महाराष्ट्रात धारोष्ण दुधाचे कितीही कौतुक असले, तरी दूध घरात आले की आधी तापवायचे हा स्वयंपाकघराचा नियम असतो, आणि या नियमाने किती संसर्ग परस्पर रोखले असतील याची गणती नाही. परदेशी पिशवीतले किंवा बाटलीतले पाश्चरीकृत दूध थेट वापरण्याची सवय लागते आणि ती गैरही नाही. अडचण होते ती वाळवंटातील सहलीत उंटिणीच्या ताज्या दुधाचा वाडगा पाहुणचार म्हणून पुढे आल्यावर, किंवा पावसाळी खरीफ पाहण्यासाठी सलालाला गेल्यावर रस्त्याकडेला मिळणारे दूध घेतल्यावर. (मराठीतील खरीप याच अरबी शब्दावरून आला आहे.) ओमानमधील सलाला ज्या प्रांतात आहे, त्या धोफारमध्ये हा आजार जुना आहे.

शरीरात शिरल्यावर हा जिवाणू जंतूंना गिळून टाकणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या आतच तग धरतो आणि वाढतो. त्या पेशींबरोबर तो यकृत, प्लीहा, अस्थिमज्जा व सांध्यांपर्यंत पोहोचतो. रक्त आणि मेंदू यांच्यामधील तटबंदी ओलांडतानाही त्याला अशाच पेशींचा आश्रय मिळतो, असे प्रयोगांतून दिसते. पुढील हानी काही अंशी जिवाणूमुळे, तर बरीचशी त्याच्याविरुद्ध उसळलेल्या दाहामुळे होते.

सर्वांत अधिक आढळतो तो मेंदूच्या आवरणांचा दाह. आठवडेच्या आठवडे डोके दुखते, उलट्या होतात, गुंगी व गोंधळलेपण येते. मान ताठ होतेच असे नाही. मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूंपैकी श्रवणाच्या आठव्या मज्जातंतूवर या आजाराचा विशेष रोख असतो. ऐकू येणे हळूहळू कमी होते, चालताना तोल जातो. लांबलेला ताप आणि त्याबरोबर मंदावणारी श्रवणशक्ती ही जोडी दिसली, तर ब्रुसेलोसिसची आठवण व्हायलाच हवी. डोळा वळवणारा सहावा मज्जातंतू बाधित झाल्यास एकाच्या दोन वस्तू दिसतात, सातवा बाधित झाल्यास चेहरा वाकडा होतो. कमरेच्या मणक्यांत संसर्ग होऊन तेथे झालेल्या गळवाचा दाब मज्जारज्जूवर किंवा त्यापासून निघणाऱ्या मुळांवर येऊ शकतो. कधी मज्जारज्जूच दाहग्रस्त होतो. मग पाय जड पडतात, लघवीवरील ताबा सुटतो. मेंदूतील रक्तवाहिन्यांना सूज आल्यास ऐन तारुण्यात पक्षाघात होतो. खिन्नता, चिडचिड, विसरभोळेपणा एवढेच लक्षण असलेले रुग्णही असतात. हे सारे तापाबरोबर घडू शकते किंवा मूळ ताप विसरला गेल्यावर काही महिन्यांनीही. त्या वेळी अंगात ताप नसेल, तर संशय येणे आणखी अवघड.

भारतीय रुग्णाच्या बाबतीत खरी गफलत क्षयाशी होते. दोन्ही आजारांत पाठीतून काढलेल्या मेंदू-मज्जाद्रवात लिम्फोसाइट पेशी वाढलेल्या, प्रथिने चढलेली आणि साखर बहुधा उतरलेली असते. क्षयाकडे बोट दाखवणारी ‘एडीए’ ही चाचणीदेखील ब्रुसेलोसिसमध्ये वाढलेली सापडू शकते. भारतात क्षय सर्वत्र असल्याने डॉक्टर त्याचे उपचार सुरू करतात, ते बव्हंशी योग्यच असते. पण त्या उपचारांतील रिफाम्पिसिन ब्रुसेलावरही चालते, आणि जोडीला दिलेल्या स्टेरॉइडने सूज ओसरते. रुग्णाला काही दिवस बरे वाटते, निदान पक्के झाल्यासारखे वाटते. आजार मात्र दबून राहतो आणि पुन्हा उसळतो.

निदानासाठी रक्तातील प्रतिपिंडांची रोझ बेंगॉल आणि प्रमाणित ॲग्लुटिनेशन चाचणी केली जाते. रक्तात १:१६० किंवा त्याहून अधिक पातळी सहसा अर्थपूर्ण मानतात. मेंदू-मज्जाद्रवात प्रतिपिंडे कमी प्रमाणात सापडली, तरी त्यांना महत्त्व असते. द्रवातून जिवाणू वाढवण्यात यश थोड्याच रुग्णांत मिळते. नमुना पाठवताना ब्रुसेलाचा संशय प्रयोगशाळेला कळवणे आवश्यक असते, कारण हा जिवाणू सावकाश वाढतो आणि हवेतून तंत्रज्ञालाही बाधू शकतो. एमआरआय कधी आवरणांची सूज दाखवते, कधी मल्टिपल स्क्लेरोसिससारखे डाग, तर कधी काहीच नाही.

साध्या ब्रुसेलोसिसला दोन प्रतिजैविके सहा आठवडे दिली जातात. मज्जासंस्था बाधित असल्यास डॉक्सिसायक्लिन, रिफाम्पिसिन आणि शिरेतून सेफ्ट्रिॲक्सोन यांसारखी औषधे एकत्र वापरतात. को-ट्रायमोक्साझोल हाही पर्याय असतो. उपचार कित्येक महिने, बहुधा मेंदू-मज्जाद्रव पूर्ववत होईपर्यंत चालतात. इतर प्रकारांत उपयोगी पडणारे स्ट्रेप्टोमायसिन येथे मागे पडते, कारण ते मेंदूपर्यंत पुरेसे पोहोचत नाही, आणि स्वतः कानालाही अपाय करू शकते. वेळेवर उपचार मिळालेले बहुतेक रुग्ण बरे होतात. गेलेली श्रवणशक्ती आणि पायांची ताकद मात्र दरवेळी पूर्ण परतत नाही. रक्तातील प्रतिपिंडे बरे झाल्यानंतरही महिनोन्महिने टिकून राहतात. त्यामुळे आजार उलटला आहे की नाही हे केवळ त्या आकड्यावरून ठरत नाही. लक्षणांवर लक्ष ठेवावे लागते आणि गरज पडल्यास द्रवाची तपासणी पुन्हा करावी लागते.