१ जून, ‘गुलामगिरी’ आणि आमच्या गल्लीतली जयंती



आमच्या जालन्याच्या गल्लीत ११ एप्रिल ते १४ एप्रिल अशी चार दिवस जयंती असते. एका टोकाला जोतीराव, दुसऱ्या टोकाला बाबासाहेब. मधल्या दोन रात्री कशा भरायच्या यावर दरसाल भांडण. पोरांना डीजे पाहिजे. म्हाताऱ्यांना गायनपार्टी पाहिजे. बायांचं म्हणणं कोणी विचारत नाही, त्यांनी फक्त भाकरी आणि चंदा द्यायचा. एका बैठकीत मी म्हणालो, एक रात्र ‘गुलामगिरी’ वाचू. सगळे गप. मग एक पोरगा म्हणाला, “भाऊ, गुलाम तर अमेरिकेत होते. आपल्याला काय त्याचं?”

मला त्याला तिथल्या तिथं नीट उत्तर देता आलं नाही. घरी येऊन चडफडलो. हे लिहिणं त्या उत्तरासाठी आहे.

‘गुलामगिरी’च्या इंग्रजी प्रस्तावनेखाली तारीख आहे १ जून १८७३. पुण्याचा एक माळी, अमेरिका कधी डोळ्यांनी न पाहिलेला, आपलं पुस्तक कोणाला अर्पण करतो? राजाला नाही, शेटजीला नाही, देवाला तर नाहीच. निग्रो गुलामांना मोकळं करण्यासाठी झिजलेल्या अमेरिकेतल्या भल्या लोकांना. आणि वर इच्छा धरतो की माझ्या देशबांधवांनी इथल्या शूद्रांना भटांच्या दास्यातून सोडवताना त्यांचा कित्ता गिरवावा. अमेरिकेत गुलामी कायद्याने संपली डिसेंबर १८६५ ला. म्हणजे जोतीरावांनी लेखणी उचलली तेव्हा त्या गोष्टीला आठ वर्षंसुद्धा झाली नव्हती. आज आपल्या हातात सगळी दुनिया आहे, तरी शेजारच्या तालुक्यात काय झालं ते आपल्याला कळत नाही. त्या माणसाला १८७३ मध्ये सातासमुद्रापलीकडची बेडी आपल्या बेडीसारखी दिसली. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाज उभा राहिला. पुस्तक आणि संघटना एकाच वर्षात. हे कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावं. आपल्याकडे एक तर नुसतं पुस्तक असतं, नाही तर नुसती संघटना.

एक गोष्ट मात्र जोडून सांगतो. अर्पणपत्रिकेत मान आहे तो मोकळं करणाऱ्यांना. पण गुलाम नुसते सुटले नाहीत, ते लढले. त्या यादवीत उत्तरेच्या फौजेत पावणेदोन लाखांच्या वर काळे शिपाई होते. फ्रेडरिक डग्लस स्वतः गुलामीतून पळून आलेला माणूस. कोणी येऊन आपल्याला सोडवील असं म्हणत बसणाऱ्यांसाठी हे सांगावं लागतं.

आता जालन्याकडे या. पोरांना वाटतं, इतिहास म्हणजे पुणे, महाड आणि नागपूर. जालना म्हणजे सळईचे कारखाने आणि बियाण्याच्या कंपन्या. अरे, याच जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्री नावाच्या, ब्राह्मणाचा ख्रिस्ती झालेल्या माणसानं निजाम सरकारकडून जमीन मिळवून बेथेल नावाचं गाव वसवलं. कोणासाठी? गावकुसाबाहेरच्या, धर्म बदललेल्या मांग-महारांसाठी. आणि हाच शेषाद्री १८७३ साली न्यूयॉर्कला ख्रिस्ती परिषदेला गेला होता. तिकडे पुण्यात ‘गुलामगिरी’ छापून होते आणि इकडे जालन्याचा माणूस नुकतीच गुलामी संपलेल्या देशात उभा असतो! मिशनऱ्याच्या मार्गाने जायचं की नाही ही निराळी गोष्ट. बाबासाहेबांनी तो मार्ग घेतला नाही आणि त्याची कारणं आपल्याला ठाऊक आहेत. पण घरासाठी स्वतःची जागा, पायाखाली स्वतःची जमीन, याची भूक या मातीत तेव्हाही होती एवढं त्यातून दिसतं.

बाकी मुलूख निजामाचा. देशमुख, जहागीरदार, पाटील. वेठबिगार म्हणजे काय ते आजीच्या तोंडून ऐकलेले अजून आहेत. अंमलदार आला की लाकूडफाटा टाका, सामान वाहा, घोड्याला चारा घाला, रात्रभर जागा. मजुरी म्हणाल तर शिळा तुकडा. तिकडे मुंबई इलाख्यात बाबासाहेबांनी १९२८ मध्ये महार वतनाच्या विरुद्ध कायदेमंडळात बिल आणलं. वतन वतन म्हणून जे मिरवतो ती गुलामीची सनद आहे, हे आपल्याच लोकांना पटवता पटवता त्यांचा घाम निघाला. पुढच्या वर्षी बिल मागं घ्यावं लागलं. वतन कायद्यानं संपायला तिकडे १९५८ उजाडलं. आणि आमच्याकडे? निजामाच्या राज्यात ते बिलसुद्धा नव्हतं. ३० डिसेंबर १९३८ ला कन्नडजवळ मक्रणपूरला परिषद झाली तेव्हा बाबासाहेब मराठवाड्यातल्या आपल्या माणसांसमोर उभे राहिले. संस्थान संपलं सप्टेंबर १९४८ ला. म्हणजे ज्याला आपण ‘जुना काळ’ म्हणतो तो आपल्या आज्याचा काळ आहे, रामायणाचा नाही.

बाबासाहेबांनी गुलामी आणि अस्पृश्यता तराजूत घालून पाहिली आहे. त्यांचा मुद्दा असा: मालकाला गुलाम विकत घ्यावा लागतो, म्हणून तो मरू नये याची काळजी तरी तो करतो. अस्पृश्याला विकतच घेतलेलं नाही. त्याचा घाम घ्या, मेला तर मरू द्या, जबाबदारी कोणाची नाही. हे वाचून मी दोन दिवस सुन्न होतो. आणि हा माणूस नुसता लिहून थांबला नाही. १९४६ मध्ये त्यांनी अमेरिकेतल्या काळ्यांचे पुढारी डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र टाकलं, की तुमचे लोक संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज करताहेत तर त्याची प्रत मला पाठवा, आमचं दुःखही तुमच्यासारखंच आहे. ड्युबॉइसनी उत्तरही दिलं. जोतीरावांच्या अर्पणपत्रिकेचा धागा असा त्र्याहत्तर वर्षांनी पुढं गेला. १९७२ मध्ये आपल्या पोरांनी ‘पँथर’ हे नाव घेतलं तोही तोच धागा.

तर जयंती. पुण्यात जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी १४ एप्रिल १९२८ ला पहिली सार्वजनिक जयंती केली असं सांगतात. वतनाचं बिल आणि जयंती एकाच वर्षातली, हे मला फार बोलकं वाटतं. पण मराठवाड्यात जयंती म्हणजे नुसता वाढदिवस कधीच नव्हता. मिरवणूक वेशीतून न्यायची की नाही, मारुतीच्या पारासमोरून न्यायची की नाही, निळा झेंडा कुठं लावायचा, यावर डोकी फुटली. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि मराठवाड्यातल्या वस्त्या पेटल्या. नांदेडकडे पोचिराम कांबळे आणि जनार्दन मवाडे यांचे जीव गेले. नाव लागलं १४ जानेवारी १९९४ ला, तेही जुन्या नावाला जोडून. त्या वर्षांत खेड्यातून सुटून जालन्याला आलेली किती घरं आमच्या गल्लीत आहेत, ते गल्लीतल्या आडनावांवरून मोजता येतं. पुष्कळांच्या आडनावात गावाचं नाव आहे आणि गावात घर नाही.

आणि १ जून २०२३. नांदेडजवळ बोंढार हवेलीत अक्षय भालेरावला मारलं. वय चोवीस. गावात पहिल्यांदा भीमजयंती काढली, तो राग धरून मारलं असा घरच्यांचा आरोप. तारीख पुन्हा वाचा. ‘गुलामगिरी’च्या प्रस्तावनेला त्या दिवशी दीडशे वर्षं पुरी झाली होती. मी ज्योतिषी नाही, तारखांत मला देव दिसत नाही. पण “आपल्याला काय त्याचं?” म्हणणाऱ्या पोरासमोर मी ही तारीख ठेवली. तो काही बोलला नाही. वाचायला मात्र तयार झाला.

‘गुलामगिरी’ वाचायला सोपी आहे, कारण ती बोलण्यात आहे. धोंडीबा विचारतो, जोतीराव सांगतात. असे सोळा भाग. आम्ही १२ एप्रिलच्या रात्री मोजकेच भाग घेतले. धोंडीबा झाला तोच पोरगा. जोतीराव झाले आमच्या गल्लीतले रिटायर झालेले गुरुजी. डीजेवाल्याकडून नुसता माईक घेतला. पहिल्या भागाला माणसं कमी होती. मग कोयत्यावरून आलेल्या बाया येऊन बसल्या. एप्रिलपर्यंत कारखान्यांचा हंगाम आटपतो, अंबड-घनसावंगी-परतूर-मंठ्याकडच्या टोळ्या माघारी येतात. आमच्या गल्लीतलीही घरं जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. दिवाळीआधी मुकादमाकडून उचल घ्यायची, सहा महिने ऊस तोडायचा, फिटली नाही तर बाकी पुढच्या साली. आजारी पडलं की खाडा, खाड्याचे पैसे उचलीत. संविधानाच्या २३व्या कलमानं बिगार बंद. १९७६ चा वेठबिगार निर्मूलनाचा कायदा आहे. १९८२ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवणं हीसुद्धा सक्तीची मजुरीच. हे सगळं कागदावर आहे आणि उचल मुकादमाच्या वहीत आहे.

वाचन संपल्यावर त्यांतली एक मावशी म्हणाली, “का रं बाबा, ते अमेरिकेतले सुटल्यावर त्यांला जमीन भेटली का?”

मी सांगितलं. जानेवारी १८६५ मध्ये शेरमन नावाच्या सेनापतीनं हुकूम काढला, समुद्रकाठची जमीन कुटुंबामागं चाळीस एकरांपर्यंत द्या. लोकांनी पेरलीसुद्धा. त्याच वर्षी नव्या राष्ट्राध्यक्षानं जमीन जुन्या मालकांना माघारी दिली. मग सुटलेली माणसं त्याच मालकाच्या रानात बटईनं राबली. बियाणं उधार, दाणा उधार, पीक निघालं की हिशेब मालकाचा.

“म्हंजी उचलच की ही,” मावशी म्हणाली.

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. धोंडीबा झालेल्या पोरानं चंद्याची वही आणली आणि मागच्या कोऱ्या पानावर रेघा मारल्या. नाव, मुकादम, कारखाना, उचल, फेड, बाकी. त्या रात्री अकरा कोयते लिहून झाले. पहिलं नाव मावशीचं.